फुकट धरलेला वेळ

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं. त्याच्या चौकोनांत आईच्या बारीक अक्षरात महिन्याचा सगळा संसार मावायचा. दूध दीड लिटर, गुरुवारी अर्धा जास्त. सिलिंडर लावला ती तारीख. भांडीवाल्या मावशींचे खाडे फुलीने, पेपरवाल्याचे पैसे दिले त्या दिवसावर गोल. महिनाअखेरीला ती पान उतरवून घेऊन बसायची आणि कुणाचे किती द्यायचे ते रुपयापर्यंत बरोबर निघायचं. तिच्या स्वतःच्या वेळेची नोंद त्यात कधीच नव्हती. पहाटे पाचला उठून रात्री साडेदहाला ओटा पुसेपर्यंतचे तास कुठल्याच चौकोनात दिसत नव्हते. मावशींच्या एका खाड्याची किंमत आम्हाला ठाऊक होती. आईच्या खाड्याची ठाऊक नव्हती, कारण तो कधी पडलाच नाही.

रोजच्या निर्णयांना अर्थशास्त्राची नजर लावावी का, आणि लावली तर कुठवर, या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ते वाचताना मला ते कॅलेंडर सारखं आठवत राहिलं. हा विचार जिथे लागू पडला तिथे त्याने फार कामाचं काही दिलं. जिथे चुकला तिथे बहुतेक वेळा एकाच कारणाने चुकला: हिशेब मांडताना कुणाचा तरी वेळ, कुणाची तरी मर्जी फुकट धरली गेली.

अल्फ्रेड मार्शलने १८९० साली अर्थशास्त्र म्हणजे माणसाच्या रोजच्या व्यवहाराचा अभ्यास, असं सांगितलं होतं. १९३२ मध्ये लंडनच्या लायोनेल रॉबिन्सने व्याख्या बदलली. गरजा अनेक, साधनं मोजकी आणि एकेका साधनाचे उपयोग अनेक. अशा वेळी माणूस निवड कशी करतो, ते पाहणं म्हणजे अर्थशास्त्र. आपल्याकडे अकरावी-बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्यांनी ही व्याख्या पाठ केलेली असते, पण तिच्यात पैसा हा शब्दच नाही, हे पाठ करताना ध्यानात येत नाही. वेळ, लक्ष, अंगातली ताकद, जे जे पुरून उरत नाही ते सगळं या व्याख्येने अर्थशास्त्राच्या हद्दीत आणलं.

त्या हद्दीत सर्वांत लांबवर गेला तो शिकागोचा गॅरी बेकर. एकदा विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला जायला त्याला उशीर झाला होता. गाडी पैसे भरून वाहनतळावर लावायची की रस्त्यावर नियम मोडून लावायची, याचा त्याने तिथल्या तिथे हिशेब केला: पकडलं जाण्याची शक्यता किती, दंड किती, वाचणारा वेळ किती. गाडी रस्त्यावर लावली. गुन्हा आणि शिक्षेवरच्या १९६८ च्या निबंधाची सुरुवात तिथून झाली, असं तो पुढे सांगायचा. त्याआधी १९६५ मध्ये त्याने वेळेच्या वाटपावर निबंध लिहिला होता. घर हा एक लहानसा कारखाना आहे, असं त्यात म्हटलं होतं. बाजारातून पीठ, तेल, भाजी येते. त्यांत घरातल्या माणसांचा वेळ मिसळतो, तेव्हा कुठे जेवण तयार होतं. म्हणजे पोळीची खरी किंमत गव्हाच्या भावापाशी संपत नाही. १९९२ चं नोबेल बेकरला मिळालं.

मला हा निबंध मोठ्या मोलाचा वाटतो. बायकांच्या वेळेला किंमत आहे, हे अर्थशास्त्राच्या भाषेत मांडण्याची सोय त्याने केली. पण १९८१ च्या कुटुंबावरच्या ग्रंथात बेकरने घराला एक प्रेमळ कर्ता दिला आणि त्याची मर्जी ती सगळ्यांची मर्जी, असं धरून गणित सोडवलं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुठल्याही सुनेला विचारा, कर्त्याची मर्जी आणि तिची मर्जी एक होती का. अमर्त्य सेन यांनी १९९० च्या एका निबंधात नेमकं यावर बोट ठेवलं. घरात सहकार्यही असतं आणि ओढाताणही असते, आणि जिला बाहेर पडून उभं राहायला जागा नाही तिची बाजू वाटाघाटीत कायम लंगडी पडते. शेतजमिनीवरच्या हक्काने ही बाजू किती बदलते, ते बीना अगरवाल यांनी दाखवलं. त्याआधी १९७७ मध्येच सेन यांनी म्हटलं होतं की केवळ स्वतःचा फायदा पाहणारा माणूस शहाणा नव्हे, तर समाजात वावरायला जवळजवळ मूर्ख ठरेल. माणूस दुसऱ्यावरच्या मायेपोटी वागतो आणि स्वतःचं नुकसान होत असतानाही एखाद्या निष्ठेपोटी वागतो. या दोन्ही गोष्टी हिशेबाच्या चुका नाहीत.

याचा प्रत्यय मला घरातच आला. माझा एक मामेभाऊ लातूरकडून पुण्याला एमपीएससीच्या तयारीला आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेची महिन्याची फी, मेसचा डबा, टेस्ट सिरीज. दुसऱ्या वर्षी पूर्व परीक्षा निघाली, मुख्य थोडक्यात गेली. मग दर वर्षी थोडक्यात जात राहिली. पाचव्या वर्षी चहाच्या टपरीवर मी त्याला बुडीत खर्चाचा धडा शिकवला. गेलेला पैसा काहीही केलं तरी परत येत नाही, तेव्हा त्याच्याकडे बघून पुढचं ठरवू नये. ओहायोतल्या एका विद्यापीठात आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण दराने, काहींना सवलतीत तिकिटं दिली. नाटकं तीच, पण पूर्ण पैसे मोजलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकं पाहिली. दिलेले पैसे माणसाला ओढत नेतात. हे सगळं मी त्याला सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, पैसे गेले त्याचं काही नाही. पण मी तसाच परत गेलो तर बाबा पारावर बसायचे बंद होतील.’’

माझा धडा तिथे अडला. तो मागच्या खर्चाला चिकटलेला नव्हता. परत जाण्याची किंमत पुढे मोजावी लागणार होती आणि ती त्याच्या वडिलांना मोजावी लागणार होती. अशा वेळी ‘सोडून दे’ हे पुस्तकी उत्तर अपुरं असतं. त्याच्या उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला: अजून एक वर्ष दिलं तर त्यात नेमकं काय काय जातं. राहण्याजेवणाचा खर्च तर होताच. त्या वर्षात न मिळणारा पगार होता, ज्याला पुस्तकात संधीखर्च म्हणतात. आणि त्याने स्वतःच, थोडा वेळ थांबून, एक ओळ लिहिली: धाकट्या बहिणीचं नर्सिंग त्याच्यासाठी दोन वर्षं लांबणीवर पडलं होतं. घरात हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. तिनेही नाही. शेवटचा एक प्रयत्न, त्याची तारीख आणि बहिणीचा प्रवेश त्याच वर्षी, असं त्याने ठरवलं. निवड झाली नाही. तो परतला, आता तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात हिशेब बघतो. बहीण नर्स आहे. खुल्या गटासाठी या परीक्षांची वयोमर्यादा ३८ पर्यंत वाढली तेव्हा पुष्कळांना आनंद झाला. मला त्या बहिणींची काळजी वाटली.

अर्थशास्त्राची माणसाला सर्वांत जास्त मदत कुठे होते असं कुणी विचारलं, तर मी या कागदाकडे बोट दाखवीन. ‘हे घेतलं तर काय सोडावं लागेल, आणि ते कोण सोडणार?’ पहिला अर्धा प्रश्न पाठ्यपुस्तकात असतो. दुसरा आपल्याला स्वतः जोडावा लागतो.

कुणाची तरी मर्जी फुकट धरणं पैशाच्या कप्प्यांबाबतही घडतं, ते थोडक्यात सांगते. रुपया कुठूनही आला तरी रुपयाच, हे जुन्या अर्थशास्त्राचं म्हणणं. माणसं तसं वागत नाहीत, मनात वेगवेगळी खाती ठेवतात, हे रिचर्ड थेलरने १९८५ मध्ये मांडलं. त्याला २०१७ चं नोबेल मिळालं. समाजशास्त्राच्या बाजूने व्हिव्हियाना झेलिझर यांनी १९९४ च्या पुस्तकात यातला मानवी अर्थ दाखवला. डाळीच्या डब्यातले पैसे, भिशीचे पैसे, मुलीच्या नावाचं सोनं हे वेगळे ठेवण्यामागे नाती असतात. एका हाताने मुदत ठेव जपायची आणि दुसऱ्या हाताने क्रेडिट कार्डाचं जबर व्याज भरायचं, यात नुकसानच आहे आणि ते टाळावं. पण डाळीचा डबा हे बाईच्या हातात राहिलेलं एकमेव खातं असू शकतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि घरोघरी बायकांना ती खाती नवऱ्यासमोर उघडी करावी लागली. त्या आठवड्यात त्यांनी काय गमावलं, ते बँकेतल्या भरणा पावतीवर कुठे दिसत नाही.

या विषयातलं जगभर वाचलं गेलेलं काही उत्तम काम आपल्या कोरडवाहू गावांत झालं आहे, आणि ते मराठी वाचकापर्यंत फारसं पोचलेलं नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून काही गावांतल्या घरांचे तपशील वर्षानुवर्षं टिपले: कुठलं पीक, किती मजुरी, कुणाचं कर्ज, कुणाच्या घरी लग्न. त्यांत सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा होतं. हान्स बिन्सवँगरने या गावांत शेतकऱ्यांना खऱ्या पैशांचे डाव खेळायला दिले. नाणं उडवायचं, सावध पर्याय घेतला तर थोडं पण नक्की, धाडसाचा घेतला तर भरपूर किंवा काहीच नाही. मोठ्या डावातली रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. १९८० मध्ये आलेला निष्कर्ष असा की रक्कम मोठी झाली की बहुतेक जण बेताचे सावध होतात, आणि गरीब व श्रीमंत शेतकऱ्यांच्या वृत्तीत यात फारसा फरक नसतो. ‘गरीब शेतकरी धाडस करत नाही म्हणून मागे राहतो’ हे आपण सहज बोलून जातो. शिरापूर-कानझऱ्याच्या पुराव्यापुढे ते टिकत नाही. फरक कर्ज मिळण्यात आणि पाण्यात आहे, काळजात नाही.

त्याच नोंदींवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये लग्नांकडे पाहिलं. मुली लांबच्या गावी का दिल्या जातात? ज्या घरांचं शेतीचं उत्पन्न जास्त हेलकावे खातं, ती घरं सोयरिक जास्त लांब जोडतात, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे पाऊस दगा देतो त्या वर्षी लांबच्या सोयऱ्याकडे तो पडलेला असण्याची शक्यता असते. तिथून धान्य येतं, हातउसने पैसे येतात. ज्या घरांची अशी नाती होती त्यांच्या जेवणाखाण्यात दुष्काळातही कमी चढउतार झाले. विमा कंपनी पोचली नाही तिथे गावाने सोयरिकीतून विमा उभा केला होता. रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये बैलांबद्दल हेच दाखवलं. वाईट वर्षी शेतकरी बैल विकतो आणि घर तगवतो, पण पुढच्या पेरणीला त्याच्याकडे जोडी नसते.

ही मांडणी वाचून मी थक्क झाले होते. सोलापूरकडच्या आजीच्या पिढीची लग्नं मला त्या दिवशी नव्याने समजली. पण बैलाबद्दल शेतकऱ्याला काय वाटतं ते पोळ्याला दिसतं. मुलीला काय वाटतं ते त्या समीकरणात कुठेच नाही. माहेर चाळीस कोसांवर गेलं म्हणजे नागपंचमीला जाता येत नाही. सासरी जाच झाला तर कळायला महिने लागतात. विम्याचा हप्ता ती भरत होती आणि नोंदवहीत तिचं नाव ‘लाभ’ या सदराखाली होतं. संशोधकांचा यात दोष नाही, त्यांनी जो प्रश्न घेतला त्याचं उत्तर प्रामाणिकपणे शोधलं. तो प्रश्न पुढे न्यायचं काम आपलं आहे.

आता दुसरी बाजू. काही गोष्टींना किंमत लावली की त्या गोष्टीच बदलतात. इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांतून मुलांना न्यायला पालक उशिरा येत. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी दहा पाळणाघरांत वीस आठवडे पाहणी केली. त्यांतल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड ठेवला. उशीर जवळजवळ दुप्पट झाला. आधी बाई थांबून राहतील याची लाज वाटायची, आता थांबण्याचे पैसे दिले की झालं. दंड काढून घेतला तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी सोसायटीच्या प्रत्येक सभेत सांगते, जिथे ‘दंड लावा’ हा पहिला ठराव असतो.

पण म्हणून मोबदला नेहमी मूल्यांचा घात करतो, असंही नाही. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला. नेहमीच्या व्यवस्थेत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. ठरल्या दिवशी हमखास शिबिर भरवल्यावर १८ टक्के झालं. शिबिरासोबत दर खेपेला एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिल्यावर ३९ टक्के. त्या आया मुलांबद्दल बेफिकीर नव्हत्या. शिबिराला जायचं तर दिवसाचं काम बुडतं, आणि लसीचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. डाळीने त्यांचा बुडालेला वेळ अंशतः भरून दिला. वेळ फुकट न धरल्याचा हा परिणाम, असं मी मानते.

रक्तदानाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये लिहिलं की रक्त विकत घेतल्याने ते कमी सुरक्षित होतं आणि देण्याची वृत्तीही आटते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. गणेशोत्सवातली मंडळांची शिबिरं पाहिली की हा निर्णय योग्य होता याची खात्री पटते. अलीकडच्या प्रयोगांत छोट्या भेटवस्तूंनी रक्तदाते वाढल्याचं आणि सुरक्षिततेला बहुधा बाधा न आल्याचं दिसलं आहे, तेव्हा टिटमस सर्वस्वी बरोबर नव्हते. पण मूत्रपिंड विकायला निघालेल्या माणसापुढे दुसरा कुठला पर्याय होता, हा प्रश्न वेगळा आणि जड आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ती विक्री गुन्हा ठरवली, ते बरंच झालं. भूक लागलेल्याची संमती ही पोट भरलेल्याच्या संमतीसारखी मोजता येत नाही.

मग आईच्या तासांचं काय? त्यांना किंमत लावावी का? आर्थर पिगू यांनी १९२० च्या सुमारास एक विसंगती दाखवली होती: माणसाने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केलं की देशाचं राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. काम तेच, पगार थांबला, म्हणून काम मोजणीतून गेलं. ही विसंगती आपल्या न्यायालयांपुढे अपघाताच्या दाव्यांतून आली. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया आणि मुलं गेली. लता वाधवा खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३००० रुपये धरलं. २०१० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती गांगुली यांनी २००१ च्या जनगणनेवर कठोर शब्दांत टीका केली, कारण तिच्यात गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैद्यांसोबत ‘बिगरकामकरी’ या गटात बसवलं होतं. ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी घरकामाचं मोल का धरायचं ते सविस्तर लिहिलं आणि त्यासाठी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला.

त्या पाहणीचे आकडे असे. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. आणि मुळात असं काम करणाऱ्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. मुलांचं, म्हाताऱ्यांचं बघणं यात धरलेलं नाही, ते वेगळं आहे. २९९ मिनिटं म्हणजे वर्षाला सुमारे १८०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर २२५ दिवसांची नोकरी.

काहींना हे मोजणं नकोसं वाटतं. आईच्या हातच्या जेवणाची किंमत करता का, असं ते विचारतात. हैफाचा धडा मला माहीत आहे. आईला दरमहा पगाराचं पाकीट द्यावं, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून पात्र बायकांना सरकारकडून महिना १५०० रुपये मिळू लागले, पण ती मदत आहे, घरकामाचा मोबदला नव्हे, आणि तिच्याने घरातला कुणाचाही एक तास दुसऱ्याच्या वाट्याला गेलेला नाही. किंमत लावणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत लावली की वस्तू विकाऊ होते. मोजली की दिसू लागते. माझ्या आईचे तास मला विकाऊ करायचे नव्हते, फक्त आम्हा भावंडांना आणि बाबांना ते वेळेवर दिसायला हवे होते.

वेळ-वापर पाहणीची पद्धत सोपी आहे, घरी करता येते. पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंतचा दिवस घेतात आणि त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ चौकोन करतात. येत्या रविवारी एक कागद घ्या, घरातल्या प्रत्येकासाठी एक रकाना आखा आणि कालच्या दिवसाचे चौकोन ज्याचे त्याने भरा. नोकरी बदलायची, घर घ्यायचं, आजींना आणायचं, मुलाला क्लास लावायचा, असा कुठलाही मोठा निर्णय समोर असेल, तर तो घ्यायच्या आधी हा कागद टेबलावर ठेवा आणि कुणाच्या रकान्यातले किती चौकोन भरणार आहेत, ते त्या माणसाला विचारून लिहा.